मालिका संपली, आता माइकपुढे उभं राहू का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले, आता डोंबिवलीत भाड्याने राहतात. राज्य नाट्य स्पर्धेतून पुढे आले आणि गेली नऊ वर्षं मराठी मालिकांत चरित्र भूमिका करताहेत. कधी नायिकेचा मामा, कधी वकील, सरपंच, हवालदार. शेवटची मालिका दोन महिन्यांपूर्वी अचानक बंद झाली आणि तिचे पैसे अजून यायचे आहेत. ओळखीच्या एका डबिंग को-ऑर्डिनेटरने, म्हणजे स्टुडिओसाठी आवाज जमवणाऱ्याने, "व्हॉइस टेस्ट देऊन जा, एक हवालदार आहे, तीन-चार वाक्यं" असं सांगितलंय, पण यांनी अजून फोन केलेला नाही. डबिंगला जाणं म्हणजे पडद्यावर आपलं काही झालं नाही हे कबूल करणं, असं त्यांना वाटतं. आवाज भारदस्त नाही, बारीक आणि घोगरा आहे. मराठीत गावाकडची धाटणी येते आणि हिंदी ऐकताच मराठी माणूस ओळखू येतो. एका क्लासने ६० हजार रुपयांत "कामाची हमी" देऊ केली आहे. दुसरीकडे एक कंपनी दहा तासांचं वाचन रेकॉर्ड करून मागते आहे, एकरकमी पैसे, करारपत्र इंग्रजीत. पत्नीचं म्हणणं, आता एखादी नोकरी बघा. त्यांचा प्रश्न आहे, "अभिनय सोडून आवाजाकडे वळू का?"

नमस्कार.

"डबिंगला जाऊ का" एवढंच विचारलं असतंत तर उत्तर एका ओळीत संपलं असतं: हो, उद्याच फोन करा. पण तुम्ही "अभिनय सोडून" असं लिहिलंय, आणि तुमची खरी अडचण त्या दोन शब्दांत आहे.

तुमच्याच धंद्यातली माणसं बघा. हिंदीत आयर्नमॅनला आवाज देणारे राजेश खट्टर वर्षानुवर्षं मालिका आणि चित्रपटांतून चरित्र भूमिका करत आलेत. 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत, २०१५ आणि २०१७ मध्ये, हिंदीतला प्रभासचा आवाज शरद केळकरांचा होता; तेच केळकर २०२० साली 'तान्हाजी'त छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेत पडद्यावर आले. श्रेयस तळपदे मराठी नाटक-मालिकांतून वर आले, हिंदीत नायक झाले आणि २०२१ मध्ये 'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनच्या तोंडून बोलले. यांच्यापैकी कुणी अभिनय सोडला? त्यांनी माइकपुढे केला तोही अभिनयच होता, शरीर तेवढं दुसऱ्याचं होतं. अमेरिकेत तर मेल ब्लँक यांनी कार्टूनमधल्या बग्ज बनी या सशाला १९४० पासून १९८९ मध्ये निधन होईपर्यंत आवाज दिला आणि त्याच काळात विनोदवीर जॅक बेनी यांच्या रेडिओ आणि टीव्ही कार्यक्रमांत छोट्या विनोदी भूमिकाही केल्या. चरित्र अभिनेता आणि आवाजाचा कलाकार ही एकाच माणसाची दोन कामं असणं हीच या धंद्यातली जुनी रीत आहे.

मग डबिंग कमीपणाचं का वाटतं? त्याचं एक खरं कारण आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही: तिथे नाव लागत नाही, किंवा इतकं शेवटी लागतं की कुणी वाचत नाही. तुम्हाला मंडईत लोक "मामा" म्हणून हाक मारतात. डबिंगमध्ये ते सुख नाही. मेल ब्लँकनी पगारवाढ मागितली तेव्हा निर्मात्याने पैसे वाढवले नाहीत, त्याऐवजी नावाच्या पाटीवर त्यांचं नाव घातलं. हे १९४४ च्या सुमारास. त्या पाटीमुळेच पुढे लोक त्यांना ओळखू लागले. आजही नाव मागून घ्यावं लागतं. ओटीटीवर अनेक मालिकांच्या शेवटी डबिंग कलाकारांची पाटी येते. तुमचं नाव त्यात कोणत्या स्पेलिंगने जाणार, हे काम संपलं की को-ऑर्डिनेटरला मेसेज करून लेखी कळवा. पण हा पाटीचा प्रश्न झाला. कामाच्या दर्जाशी त्याची गल्लत करू नका.

आता आवाजाकडे येऊ. भारदस्त आवाज लागतो तो ट्रेलरला, सूत्रधाराला आणि एखाद्या राजाला. एका चित्रपटात असा राजा एकच. बाकी पानवाला असतो, चिडका कारकून असतो, खोकणारे आजोबा असतात, साक्ष द्यायला घाबरणारा शेजारी असतो, आणि हवालदार असतो. ही माणसं दोन वाक्यांत उभी करावी लागतात, कारण त्यांना तिसरं वाक्य नसतंच. नऊ वर्षं तुम्ही नेमकं हेच करत आलात. खर्जातल्या आवाजाचे तरुण को-ऑर्डिनेटरच्या यादीत ढिगाने असतात. चाळिशीतला, बारीक-घोगरा, थकलेला आणि तरीही बेरकी वाटणारा आवाज शोधताना मात्र त्यांना चार फोन करावे लागतात. शरद केळकरांनी लहानपणी आपण अडखळत बोलायचो हे जाहीरपणे सांगितलंय. आवाज जन्मतः कसा मिळाला, एवढ्यावर हे काम ठरत नाही याचा याहून ठळक दाखला काय हवा? स्त्री कलाकारांनीही हे ध्यानात घ्यावं. लहान मुलग्यांचे आवाज बहुतेक वेळा बायकाच देतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज दोन-तीन वर्षांत फुटतो. चाळिशीत आईच्या भूमिकाही कमी होऊ लागल्या की ही बाजू उघडी असते.

तुमच्याकडे जे आहे ते झालं. आता जे नाही ते.

स्टुडिओत काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर असतात, अलीकडे तुम्ही एकटे. समोरच्या स्क्रीनवर टाइमकोड, म्हणजे चित्राच्या वेळेचा आकडा, पळतो, स्टँडवर संवादांचा कागद, कानात मूळ आवाज, म्हणजे पायलट. तुकडा एकदा-दोनदा दाखवतात आणि मग टेक. त्या तुकड्याला अजून लूप म्हणतात. फिल्मच्या काळात तेवढ्या प्रसंगाच्या पट्टीची दोन्ही टोकं जोडून ती गोल फिरवायचे. पट्टी गेली, शब्द राहिला. तेव्हा दृश्यातले सगळे कलाकार एकत्र उभे असत. आता प्रत्येक जण आपापल्या वेळी येऊन एकटा बोलून जातो. समोरच्या पात्राचं वाक्य तुमच्या भाषेत अजून रेकॉर्डही झालेलं नसतं. रंगभूमीवरून आलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं, कारण त्यांना सहकलाकाराच्या वाक्यावर उडी घ्यायची सवय. इथे उत्तर द्यायचं ते कानातल्या परक्या भाषेतल्या वाक्याला.

तुम्ही लिहिलंय की एका चित्रपटात स्वतःच्याच दृश्याचं डबिंग केलं आणि ते सहज जमलं. ते जमणारच, कारण तिथे श्वास तुमचा होता. दुसऱ्याच्या तोंडावर बोलताना पहिली चूक होते ती इथेच. नवा माणूस ओठ हलायची वाट बघतो आणि मग सुरू करतो. त्यामुळे तो दर वेळी दोन-तीन फ्रेम मागे राहतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तीन फ्रेम म्हणजे १२० मिलिसेकंद. प्रेक्षकाला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण ते बोलणं त्या माणसाचं वाटत नाही. यावर उपाय एकच, पात्र श्वास घेतं तेव्हा तुम्हीही घ्या. श्वास जुळला की सुरुवात आपोआप जुळते.

दुसरी चूक ओठांची. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, आणि क्लोजअपमध्ये ते लपत नाहीत. इंग्रजीतलं साधं वाक्य घ्या: "मेबी टुमॉरो." पाच अक्षरं, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अक्षराला ओठ मिटतात आणि शेवटी 'रो'वर गोल होतात. कागदावर आलं "कदाचित उद्या". अर्थ बरोबर, लांबीही बरोबर, पण ओठ एकदाही मिटत नाहीत आणि शेवटी 'द्या'ला तोंड उघडं पडतं. "मग बघू उद्या" म्हणून बघा. पहिल्या दोन जागा जुळल्या, शेवट मात्र उघडाच राहिला. आता "मग उद्या बघू". 'म' पहिल्या जागी, 'ब' चौथ्या जागी, आणि 'घू'वर ओठ गोल. सुटली ती फक्त मधली एक जागा, आणि ती जाता जाता निघून जाते. वाक्य संपल्यावर चेहरा क्षणभर स्थिर राहतो, म्हणून शेवटचा आकार सगळ्यात जास्त वेळ दिसतो. तो जुळणं महत्त्वाचं. शिवाय "मग उद्या बघू"मध्ये टाळाटाळीचा जो सूर आहे तो मराठी माणसाच्या कानाला लगेच कळतो. वाक्य बदलायचा अंतिम अधिकार डायरेक्टरचा. पण "असं म्हणून बघू का?" हे नम्रपणे विचारणारा, आणि नको म्हटलं तर लगेच मूळ वाक्यावर येणारा कलाकार स्टुडिओला हवाच असतो.

रंगभूमीची आणखी एक सवय आवरावी लागेल. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज माइकला नको असतो. माइक एक वीत अंतरावर आहे; त्याला तीव्रता हवी, मोठेपणा नको. संवाद म्हणताना मान वळवली की आवाज माइकच्या बाजूने निघून जातो आणि पोकळ होतो. हात हलवा, पाय रोवा, चेहऱ्यावर भाव आणा. डोकं मात्र जागेवर ठेवा. आणि कागदात डोळे घालून वाचू नका. वाक्य पाठ करून नजर स्क्रीनवर ठेवायची, नाटकवाल्याला हे सोपं जायला हवं.

संवादांइतकंच काम रिॲक्शनचं असतं: धापा, दचकणं, घास गिळता गिळता बोलणं, जिना चढून आल्यावरचा श्वास. इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मराठी माणसाचं "हं", "अहं", "अगंबाई" आणि जीभ टाळूला लावून काढलेलं "च्" हे आपलं आहे. इंग्रजी पात्राचा "ओह" तसाच उचलला तर डब परका वाटतो. मालिकेत जेवणाच्या टेबलावर मागे बसून जे हुंकार तुम्ही नऊ वर्षं दिलेत, ते इथे सोन्याच्या भावाचे आहेत.

तुमची सांगलीची धाटणी पुसून टाकू नका; ती हवी तेव्हा बंद आणि हवी तेव्हा चालू करता आली पाहिजे. मराठी डबिंगमध्ये प्रमाण उच्चार पायाला लागतात, म्हणजे 'ण' आणि 'ळ' स्वच्छ, 'चहा'तला च आणि 'चार'मधला च वेगळा. हिंदीत आपली मराठी जिथे डोकावते त्या जागा मोजक्या आहेत, म्हणून त्या सुधारता येतात. 'है', 'पैसा', 'और' यांतले स्वर आपण 'हय', 'पइसा', 'अउर' असे फोडतो. 'ज्ञान' आपण 'द्न्यान' म्हणतो, हिंदीत ते 'ग्यान' होतं. 'कृपा', 'अमृत' यांतला ऋ आपण 'रु'सारखा उच्चारतो, हिंदीत तो 'रि'सारखा. 'ज़' आणि 'फ़' यांचा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, उच्चारात गळतो. 'में', 'हैं', 'नहीं' यांतला अनुनासिक अर्धवट राहतो. रोज हिंदी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि एका दिवशी एकाच जागेकडे लक्ष द्या. आज फक्त 'ऐ', उद्या फक्त 'ऋ'. सगळं एकदम धरलं की काहीच सुधारत नाही. तोवर मराठी कामाला सुरुवात करा. दाक्षिणात्य चित्रपट, ॲनिमेशन, जाहिराती असं मराठीत येणारं काम आहेच. 'बाहुबली' मराठीत आला तेव्हा डॉ. अमोल कोल्हे यांनी आवाज दिला होता.

६० हजारांचा क्लास घेऊ नका. कामाची हमी कुठलाही क्लास देऊ शकत नाही, कारण निवड स्टुडिओ, डायरेक्टर आणि पुष्कळदा परदेशातला ग्राहक करतो. अभिनय तुम्हाला येतो; शिकायचंय ते फक्त सिंक, म्हणजे पडद्यावरच्या ओठांशी आवाज जुळवणं. कार्यशाळा करायचीच असेल तर आधी तीन गोष्टी विचारा. एका तुकडीत किती जण? प्रत्येकाला खऱ्या स्टुडिओत चित्र लावून माइकवर किती तास मिळतील? रेकॉर्ड केलेलं काम हातात देणार का? पाच-सहा जणांची तुकडी आणि माइकवर प्रत्येकी काही तास मिळत असतील तर विचार करण्यासारखं. पन्नास जणांना खुर्चीत बसवून "आवाजाचं महत्त्व" सांगणार असतील तर ते पैसे घरात राहू द्या.

घरी सराव असा करा. परभाषेतल्या चित्रपटातला एका पात्राचा दीड-दोन मिनिटांचा तुकडा घ्या. तीनदा नुसता ऐका. मग मराठीत संवाद लिहा आणि पेन्सिलीने खुणा करा: छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन, श्वासाला टिंब, चेहरा दिसत नसेल तिथे 'ऑफ'. एका फोनवरचा मूळ आवाज इअरफोनने कानात ठेवून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, मग चित्र मुकं करून दोन्ही एकत्र लावून बघा. रोज अर्धा तास, महिनाभर. हे फक्त सरावासाठी, कुठेही टाकू नका. दुसऱ्याच्या चित्रपटाचा तो तुकडा आहे.

नमुना, म्हणजे व्हॉइस सॅम्पल, ६० ते ९० सेकंदांचा पुरे. त्यात दहा-पंधरा सेकंदांचे पाच-सहा तुकडे घ्या, आणि प्रत्येक तुकड्यात वेगळा माणूस. नट पुष्कळदा एकच मोठं स्वगत पाठवतात, आणि को-ऑर्डिनेटर पहिल्या सात-आठ सेकंदांत पुढे जातो. सगळ्यात सहज आणि तुमचाच वाटणारा आवाज पहिला ठेवा, चमत्कारिक आवाज शेवटी. नामवंतांच्या नकला घालू नका. त्यातून तुम्ही कोण ते कळत नाही. मागे संगीत नको. रेकॉर्डिंगला कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा, पाठीमागे आणि डोक्यावर गोधडी. पंखा, फ्रिज बंद. डोंबिवलीत लोकलचे भोंगे आणि कुकरच्या शिट्या चुकणार नाहीत, म्हणून पहाटेची वेळ धरा. तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडं तिरकं, म्हणजे 'प' आणि 'भ'ची हवा थेट आदळत नाही. आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली पाहिजे. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह करून ठेवा, पाठवताना तिची एमपी३ करा आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच जोडा. व्हॉइस नोट म्हणून पाठवलं की आवाज दाबला जातो आणि तुमचा घोगरेपणा नुसता खरखरीत ऐकू येतो. फाइलला नाव, वय, भाषा एवढंच लिहा. "फायनल न्यू २" असं नाव शंभर जणांच्या फाइलींना असतं.

आता त्या दहा तासांच्या वाचनाविषयी, आणि हे सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर ती मागे घेता येत नाही. शांत खोलीत, एकाच सुरात दहा तास स्वच्छ वाचन कुणी मागत असेल, तर ते बहुधा पुस्तकासाठी नसतं. त्यातून यंत्राला तुमचा आवाज शिकवता येतो. नंतर तो आवाज तुम्ही न म्हटलेली वाक्यंही बोलेल, आणि ज्या हवालदाराच्या कामासाठी तुम्ही आज फोन करायचाय ते कामही करेल. असं रेकॉर्डिंग मुळीच करू नये असं माझं मत नाही. पैशांची निकड असताना माणूस विचार करणारच. पण कशासाठी हे लेखी मिळाल्याशिवाय सही करायची नाही. करारात "कायमस्वरूपी", "जगभर", "ज्ञात आणि भविष्यातल्या सर्व माध्यमांत", "तिसऱ्या पक्षाला हस्तांतरणीय" हे शब्द कुठे आहेत ते वकिलाकडून अधोरेखित करून घ्या. मग विचारा: कृत्रिम आवाज बनवणार का? कोणत्या उत्पादनात? किती वर्षं? राजकीय प्रचार, कर्ज, जुगार, औषधं यांच्या जाहिरातींत वापरणार नाही असं लिहून देणार का? मुदत संपल्यावर मूळ रेकॉर्डिंग आणि तयार झालेला आवाज दोन्ही पुसणार का? यातल्या दोन प्रश्नांनाही सरळ उत्तर आलं नाही तर नको म्हणा.

कायदा अगदीच तुमच्या विरोधात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपलं नाव लागण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा हक्क मिळाला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय यंत्राने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. पण त्यांनी कुठे सही करून परवानगी दिलेली नव्हती. तुम्ही सही केलीत की भांडण त्या सहीपासून सुरू होतं. हीच काळजी साध्या डबिंगच्या करारातही घ्या; तिथेही असं एखादं कलम हल्ली आत शिरतं. "केवळ या कलाकृतीच्या या भाषेतील आवृत्तीसाठी" एवढी ओळ घालायला सांगा.

पैशांचं गणित घरी दोघांनी मिळून मांडा. मालिकेचे पैसे ९० दिवसांनी येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. डबिंगचे लगेच येतील असं धरू नका, तेही दोन-तीन महिने लांबतात. म्हणून काम करण्याआधी मानधन किती, टीडीएस कापून की धरून, बिल कुणाच्या नावाने आणि पैसे स्टुडिओ देणार की को-ऑर्डिनेटर, हे चारही प्रश्न मेसेजवर विचारा. उत्तर तिथेच राहतं. एक वही घाला: तारीख, स्टुडिओ, कलाकृती, पात्र, किती तास, ठरलेली रक्कम, बिल क्रमांक, पैसे आल्याची तारीख. बिल त्याच दिवशी पाठवा. पॅन दिलेला असेल तर सर्वसाधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. वर्षाचं उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो, आणि अनेक कलाकार ते पैसे सोडून देतात. बंद पडलेल्या मालिकेचे पैसे राहिलेत, त्यासाठी कॉलच्या मेसेजची छायाचित्रं आणि कामाचे दिवस जुळवून निर्मात्याला लेखी पत्र द्या. उत्तर नाही आलं आणि तुम्ही सिनटाचे, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचे, सदस्य असाल तर तिथे तक्रार करता येते. आवाजाच्या कलाकारांची संघटना वेगळी आहे, असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स. काम नियमित झालं की तिचं सदस्यत्व घ्या.

वहिनी नोकरी म्हणतात त्यात चूक काही नाही. सुरुवातीचे सहा महिने डबिंगवर घर चालणार नाही. पण सकाळी नऊ ते सहा अडकवणारी नोकरी धरलीत तर व्हॉइस टेस्टला जाता येणार नाही, कारण स्टुडिओचा फोन आदल्या दिवशी येतो. अर्धवेळ काही मिळालं, शाळा-कॉलेजात नाट्यशिक्षण, एकांकिकेचं दिग्दर्शन, तर ते दोन्हींना सांभाळून घेतं. त्याच्या जोडीला मराठी ऑडिओबुक आहेत. २०१७ पासून स्टोरीटेल मराठीत आहे. आकाशवाणीची नाट्यचाचणीही द्या. मानधन मोठं नसतं, पण तिथून आलेल्या माणसाचे उच्चार तपासलेले असतात हे स्टुडिओवाल्यांना माहीत असतं.

आणि मालिका सोडू नका. पुढची मिळाली तर घ्या, फक्त करारात "इतरत्र काम करू नये" हे कलम चेहऱ्यापुरतं आहे की आवाजालाही लागू आहे ते सही आधी विचारा. शूटिंगच्या दिवशी डबिंग घेऊ नका. बारा तासांची शिफ्ट करून, घोडबंदर किंवा नायगावहून अंधेरीला पोचेपर्यंत गळा बसलेला असतो, आणि पहिल्याच भेटीत बसलेला गळा ऐकवला की दुसरा फोन येत नाही.

गळ्याची काळजी थोडक्यात. किंचाळण्या-ओरडण्याचे तुकडे सत्राच्या शेवटी ठेवायला सांगा. अनुभवी डायरेक्टर तसंच करतात. सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी प्या. बसलेल्या आवाजात कुजबुजणंही नको, गप्प राहणं चांगलं. सकाळी पाच मिनिटं स्ट्रॉमधून गुणगुणा, पेल्यातल्या पाण्यात बुडबुडे काढत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास असू द्या, कारण वर येणारं पित्त घसा खवखवत ठेवतं. तुमचा घोगरेपणा जन्माचा असेल तर तो तुमचा ऐवज. पण तो गेल्या काही महिन्यांत वाढला असेल, किंवा आवाज तीन आठवडे सुधारत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या, आणि हे पहिल्या टेस्टच्या आधी करा.

त्या हवालदाराच्या कामाला जाताना सुती कपडे घाला. टेरिकॉट आणि जॅकेट माइकपुढे सळसळतात. खिशातली नाणी, किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ बाहेर काढून ठेवा. फोन बंद, आणि स्क्रीनचा फोटो अजिबात नको. गोपनीयतेच्या सहीनंतर टाकलेला एक सेल्फी पुढची कामं घालवतो. पेन्सिल न्या, कारण वाक्यं तिथे बदलतात. साधं पाणी आणि एक हिरवं सफरचंद जवळ ठेवा. तोंड कोरडं पडलं की जिभेची चिकट टिकटिक माइकला ऐकू येते, आणि सफरचंदाच्या फोडीने ती जाते. दुधाचा चहा काम संपल्यावर प्या. पंधरा मिनिटं आधी पोचा, आणि तुमची तीन वाक्यं संपल्यावर "क्राउडला थांबू का?" असं विचारा. बाजाराच्या, पोलीस ठाण्याच्या दृश्यांत मागे बोलणारी माणसं त्यांना लागतातच, आणि पुढचं पात्र बहुतेक वेळा तिथे थांबलेल्यांतूनच उचललं जातं.

को-ऑर्डिनेटर सकाळी अकराच्या आधी फोन उचलत नाहीत. साडेअकराला करा.